पत्र्यावरची चाकं

फोन एकाएकी कर्कश वाजला तेव्हा मी जमिनीवर बसून परीक्षेचा अभ्यास करत होते. दुपारच होती, पण बाहेर दिवेलागणीसारखा अंधार दाटला होता. आईला वाचता येत नाही, म्हणून आलेला इशारा मी मोठ्यानं वाचला. विजांसह तुफान पाऊस, चक्राकार वाऱ्याची शक्यता, पक्क्या घरात आसरा घ्या.

"आपलं घर पक्कं हाय का?" आईनं विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. आमच्यात कॉलेजला गेलेली मी एकटीच, त्यामुळे असल्या गोष्टी मला कळतात असं तिला मनापासून वाटतं. मी वर पाहिलं. भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचं. पत्रा उडू नये म्हणून पप्पांनी कापडाच्या कारखान्यातली बाद झालेली लूमची लोखंडी चाकं आणून त्यावर ठेवलेली. आमच्या गल्लीत बहुतेकांच्या पत्र्यावर लूमचं काही ना काही असतंच. दगडापेक्षा जड, एवढाच त्यामागचा विचार.

पप्पा त्याच पत्र्याखाली खाटेवर झोपले होते. लूमवर इतकी वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. आवाजानं त्यांना जाग येत नाही. लाईट जाऊन गल्लीतले लूम थांबले, की त्या शांततेनं मात्र ते हमखास उठतात. त्या दिवशी लाईट गेली, लूमही थांबले, पण पाऊस पत्र्यावर इतका कोसळत होता की त्यांना बहुधा लूम चालूच आहेत असं वाटलं.

मग वर लोखंड घासल्याचा आवाज आला. थोडं सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. बरोबर खाटेच्या वर.

रातपाळीच्या माणसाला झोपेतून उठवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आईनं हात पुढे केला आणि मागे घेतला. मी पप्पांना खांद्याला धरून हलवलं. ते उठले, वर बघितलं आणि खाटेवर उभे राहून दोन्ही हातांनी पत्र्याखालचा लोखंडी पाईप धरून ठेवायला लागले. वारा पत्रा उचलत होता, त्याबरोबर तेही चवड्यांवर उचलले जात होते.

त्यांना मी आजवर कधीच काही सांगितलं नव्हतं, फक्त विचारलं होतं. शेवटी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "पप्पा, पत्रा जाऊ दे. मोरीत चला."

मोरीवर पाण्याच्या टाकीसाठी छोटा स्लॅब आहे. आमच्या घरात पक्कं म्हणावं असं तेवढंच. तिघं तिथं अंग चोरून उभे राहिलो. माझं बरोबर आहे की चूक, मला खरंच माहीत नव्हतं. टाकीच खाली आली तर, हा विचार मी कुणाला सांगितला नाही.

तेवढ्यात वरचं घासणं लांबत गेलं आणि बाहेर गल्लीत काहीतरी धाडकन आदळलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आवाज कळला होता, पण कुठून ते नाही. मी समोरच्या घराकडे बोट दाखवलं. तिथल्या चाचीची नातवंडं नेहमी पायरीवर खेळत बसलेली असतात. आई पुटपुटत देवाचं नाव घ्यायला लागली. दार उघडायला गेलो, तर वाऱ्यानं ते उघडू दिलं नाही. वारा पडेपर्यंत आम्ही तिघं दाराला हात लावून उभे होतो.

बाहेर आलो तेव्हा चाक चाचीच्या पायरीवर पडलेलं होतं. पायरीचा कोपरा निखळला होता. चाची दारात उभी होती, मुलं तिच्या मागे.

"तुम्हारा मेहमान आया है, भाई," ती म्हणाली. "अब चाय पिलाऊँ इसको?" पण एका हातानं ती मुलांना आणखी मागे सारत होती.

पप्पांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मला विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं. ते हसले नाहीत. पायरीजवळ उकिडवे बसले आणि तुटलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवत राहिले.

मग शिडी लावून, पाऊस भुरभुरत असतानाच, ते वर चढले. एकेक चाक दोरीनं खाली सोडलं, मी खाली धरून घेतलं. आता पत्रा फक्त तारेनं बांधलेला आहे. जरासा वारा सुटला तरी तो फडफडतो आणि आम्ही तिघंही बोलता बोलता थांबून वर बघतो.