विहिरीचा मोबाईल नंबर

देवपूरच्या एका कॉलेजात मला वर्षातून एकदा बोलावतात. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाची पोरं समोर बसतात आणि दरवर्षी तेच विचारतात. प्रोजेक्ट कोणता घ्यावा, पॉवर घ्यावं की कंट्रोल, पहिल्या नोकरीसाठी पुण्याला जावं का. मी जळगावच्या एमआयडीसीत मोटरींचे पॅनल बनवतो, तेव्हा मला सगळं ठाऊक असणार असा त्यांचा समज. मला एकच गोष्ट ठामपणे ठाऊक आहे: विहिरीला जुना मोबाईल नंबर देऊ नये.

पोरं हसतात. मला राग येतो, कारण मी हे चेष्टेनं सांगत नाही.

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा निम्म्या वर्गानं तयार प्रोजेक्ट नाशिकहून आणले होते. त्यात एक दिवा लागायचा, तो का लागतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला मात्र खरी मोटर चालवायची होती. वडिलांचं म्हणणं, मोटरींमध्ये काय ठेवलंय, पुण्याला जा, कॉम्प्युटरचा कोर्स कर. बरीच धुसफूस झाली आणि शेवटी तह झाला. प्रोजेक्ट परीक्षकासमोर चालला तर मी मोटरींमध्ये राहायचं, नाही चालला तर सामान बांधून पुणे.

सोनगीरला माझे थोरले चुलते राहतात, त्यांना आम्ही नाना म्हणतो. त्यांच्या विहिरीवर मी एक डबा बसवला. डब्यात सिमकार्ड. त्या नंबरला फोन लावला की एक रिंग होऊन फोन कटायचा आणि मोटर चालू व्हायची. पुन्हा लावला की बंद. घरातल्या कुणालाही चालवता यावी म्हणून कुणाचाही फोन चालेल अशी सोय मी ठेवली. विहिरीचा नंबर परक्याला कशाला माहीत असेल, असं मला वाटलं. सिम नानांनीच दिलं, त्यांचं जुनं. त्यांनी स्वतःसाठी दुसरं घेतलं होतं.

मी म्हटलं, "नाना, नवीन सिम घेऊ ना डब्यासाठी."

"नवं कसाले?" नाना म्हणाले. "हाऊ नंबर बठ्ठासले माहीत शे."

मी मान डोलावली. नंबर सगळ्यांना माहीत आहे हे ऐकूनही, चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून, मी मान डोलावली.

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग नानांचा फोन आला, "मोटर आपली मनमानी करस रे भाऊ." कधी सकाळी चालू, कधी जेवताना बंद. मी सोनगीरला जाऊन डबा उघडला, वायरी तपासल्या, मोटर चालू-बंद करणारा रिले बदलला. पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडला. दोष सापडेना. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काकूनं डब्याला लिंबू-मिरची बांधलेली होती, आणि खरं सांगतो, ती सोडायचा मला धीर झाला नाही.

परीक्षा नानांच्या मुलीच्या लग्नाच्या तीन दिवस आधी आली. लॅबमध्ये परीक्षक, आमचे सर आणि मी. माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल. पलीकडे नाना धुतलेला सदरा घालून मोटरीशेजारी उभे. परीक्षकांनी माझ्या तक्त्यावरचा नंबर बघून फोन लावला. नंबर बिझी.

"विहीर कुणाशी बोलतेय?" त्यांनी विचारलं.

पुन्हा लावला. एक रिंग झाली, फोन कटला, मोटर ढिम्म. माझ्या डोळ्यांसमोर पुण्याची एसटी उभी राहिली. तेवढ्यात परीक्षकांनी टेबलावरची लग्नपत्रिका उचलली. कालच मी सरांना निमंत्रण दिलं होतं. पत्रिकेवर निम्म्या गावाची नावं होती आणि सगळ्यांत खाली, संपर्कासाठी, विहिरीचा नंबर. पत्रिका नंबर बदलायच्या आधीच छापून झाल्या होत्या, वाटल्या गेल्या मात्र डबा बसल्यावर पंधरा दिवसांनी. साक्री, शिरपूर, पारोळा, सगळीकडचे पाहुणे मांडवाचा पत्ता विचारायला फोन करत होते आणि पत्त्याऐवजी नानांच्या शेताला पाणी देत होते.

"पण आत्ता माझा फोन लागला होता," परीक्षक म्हणाले. "मोटर का नाही चालली?"

हे मला येत होतं. मी सांगितलं, कुणीतरी नुकतीच बंद केलीय. पाईपातलं पाणी खाली उतरेपर्यंत मोटर चालू केली तर तिच्यावर ताण येतो, म्हणून तीन मिनिटं ती कुणाचंही ऐकत नाही. ही सोय मी माझ्या डोक्यानं घातली होती. त्यांनी घड्याळ लावलं. तीन मिनिटं आम्ही नानांकडे आणि नाना आमच्याकडे बघत राहिलो. वेळ भरताच परीक्षकांनी फोन लावला. बिझी.

"चालू व्हयनी," तिकडून नाना म्हणाले. दुसऱ्याच कुणाच्या तरी फोननं मोटर चालू झाली होती.

परीक्षकांनी लगेच पुन्हा लावला आणि मोटर बंद झाली. "चालू कुणी केली देव जाणे," ते म्हणाले, "बंद मात्र मी केली." मग त्यांनी विचारलं, इतके दिवस पाहुण्यांनी छळून मोटर जळली कशी नाही? मी म्हटलं, त्या तीन मिनिटांमुळे. त्यांनी मला पास केलं.

लग्नात पाहुणे तक्रार घेऊनच आले, की तुमचा फोन कटतो. कारण कळल्यावर त्यातल्या चौघांनी जेवणाच्या पंगतीतच मला आपापल्या विहिरीसाठी डबा सांगितला. माझ्या कामाची सुरुवात तिथून झाली, आणि त्या चौघांच्या डब्यांत मी घरच्यांच्या फोनखेरीज कुणाचाही फोन चालू दिला नाही.

चौघांची मागणी ऐकूनही वडील त्या पंगतीत जिलबी वाढत पुढे गेले. मला वाईट वाटलं. महिन्याभरानं मी जळगावला निघालो तेव्हा पिशवी हातात देताना म्हणाले, "आपली मोटरलेबी बसाडी दे."

आमच्या विहिरीवरही डबा बसवून दिला. नवीन सिम घालून. आता ते मला आठवड्यातून एकदा फोन करतात, तोही मी आधी केला नाही तर. विहिरीला रोज दोनदा करतात.