न धुतलेली खापरं

उत्खननावर काम करणारी माझी भाची खापरं धूत बसली होती. शेजारी बादली, हातात जुना टूथब्रश, उन्हात वाळणाऱ्या खापरांच्या सरळ रांगा. अशी शिस्त मला आवडते. मला रिकामं बसवत नाही, म्हणून बाजूच्या ट्रेमधलं एक काळं खापर मीही घासायला घेतलं.

"मावशी, थांब. ती काळी धुवायची नसतात," ती म्हणाली. "आतल्या करपलेल्या थरावरून तेव्हा काय शिजायचं ते आता शोधता येतं."

खापर अर्धं स्वच्छ झालं होतं.

"तुला कुठेही बसवा, तू भांडी घासणारच," ती हसली. मला हसू आलं नाही.

आई गेल्यावर तिचं स्वयंपाकघर मी यादी करून दोन दिवसांत आवरलं. तिच्या लोखंडी कढईवर वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा थर होता. तो खरवडून काढला आणि यादीत बरोबरची खूण केली. हजारो वर्षांपूर्वीच्या अनोळखी बाईची आमटी माणसं इतकी जपतात. माझ्या हातात तर आईची होती.

"नवी आणलीस?" कढई बघून बाबांनी विचारलं होतं.

"नाही, आईचीच," मी अभिमानाने म्हणाले.

त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, आणि ठेवून दिली.