आधी पडदा

सिस्टरने माझ्या अंगावरची चादर एका झटक्यात ओढली. खाटेच्या पायथ्याशी माझी सून डबा घेऊन उभी होती.

देऊळघाटच्या आमच्या घरात सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. मी बैठकीत असलो तर ती मागच्या दाराने जाते. सुनेने भिंतीकडे तोंड फिरवले.

सिस्टर म्हणाली, "पाय फाकवा, बाबा. लग्नाले आले काय, लाजून राह्यले ते?"

आजूबाजूच्या खाटांवरचे हसले. लघवी तुंबल्यामुळे मला चिखलीच्या त्या खासगी दवाखान्यात आणले होते. सिस्टरने नळी घातली. एकाच प्रयत्नात. दुखले नाही. तिचा हात निष्णात होता. हे मी आजही नाकारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून डबा मुलगा आणू लागला. सुनेविषयी विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "म्हणते, मामाजीसमोर कशी जाऊ मी आता?"

या सिस्टरला माणसाचे मन कळतच नसावे, असे मी समजत होतो. तो भ्रम होता. शेजारच्या स्पेशल खोलीत एक बडा बागायतदार दाखल झाला. दुखणे माझेच. दार अर्धवट उघडे होते. तीच सिस्टर बोलत होती.

"काका, थोडं झोंबेल हं. घाबरू नका. ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? पडदा लावते."

आवाज मऊ. शब्द नेमके. म्हणजे तिला सारे येत होते. आमच्यासाठी ते खर्चायचे नव्हते, एवढेच.

पुढे माझी नळी काढून पाहिली. लघवी पुन्हा तुंबली. पोट दगड झाले. डॉक्टर शिकाऊ मुलींना घेऊन आले. म्हणाले, "या सिस्टरचा हात पाहा. सगळं नर्सिंग या हातात आहे."

ती पुढे आली. मी चादर दोन्ही मुठींत आवळली.

"आधी पडदा."

"बाबा, जनरलमधी पडदा नसते."

"मंग नळीबी नाही."

डॉक्टर हसले. "या वयात काय झाकता? पोट फुटलं म्हणजे?"

"फुटू द्या."

वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी आली. मुठी सोडल्या नाहीत. अखेर स्पेशल खोलीतला चाकांचा पडदा सिस्टरने आदळत आणला. नळी घातली. त्या वेळी मात्र दुखले. मुद्दाम की कसे, मी सांगू शकत नाही.

ती पडदा परत न्यायला वळली. मी त्याची दांडी धरली. पलीकडच्या खाटेवर मांडीला गळू झालेला एक मजूर होता. त्याची पट्टी बदलायची होती.

"याले लावा अगोदर. मंग न्या."

सून अजूनही माझ्यासमोर येत नाही. ते नुकसान भरून निघणार नाही. नळी बदलण्यासाठी मला त्याच दवाखान्यात जावे लागते. मी जातो. पुढेही जाईन. पडदा लागेपर्यंत माझी चादर मी सोडणार नाही, आणि माझ्या देखत दुसऱ्या कोणाची ओढू देणार नाही.