सासूबाईंची मान आणि माझा पाय

सगळ्यात आधी आली ती सखूबाई, शेजारच्या खोलीतली. हातात गरम मिठाची पुरचुंडी... आणि दारातूनच, "काय हो, मान धरली म्हणे तुमची?"

कधीची गोष्ट ते सांगते. लालबागच्या आमच्या चाळीतली, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती तेव्हाची. माझं लग्न नुकतंच झालं होतं, डोक्यावरचा पदर सावरण्यातच दिवस जायचा. आजच का आठवलं तेही सांगते, पण शेवटी... शाळा फार झाली नाही माझी, लिहिताना पुढचं मागे होतं, सांभाळून घ्या.

तर गावाहून बोटीने तांदूळ आले होते. सासूबाईंचा हमालावर भरवसा नाही. बोचकं स्वतःच डोक्यावर घेऊन जिना चढल्या आणि सकाळी उठून बघतात तर मान उजवीकडे वळेचना.

आणि रविवारी बायकांचा मोर्चा. पहिल्या रांगेत राहून घोषणा द्यायचं काम सासूबाईंचं, चाळीने त्यांचा आवाज बघूनच दिलेलं. त्या अगदी रडकुंडीला आल्या. "वाकडी मान घेऊन गेलंय तर पोलिसांका वाटात, बाई भिवन तोंड फिरवता," म्हणाल्या. घरात त्या मालवणीच बोलायच्या.

मी हळूच म्हटलं, परळच्या मोठ्या इस्पितळात मानेला शेक देतात, व्यायाम शिकवतात... सखूबाईने मला बोलूच दिलं नाही. "तिथे हनुवटीला पट्टा बांधून माणसाला वर टांगतात. माझ्या दिराने डोळ्यांनी बघितलंय."

"माका टांगून घेऊचा नाय," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

मग मिठाचा शेक झाला, तेल चोळून झालं... मान आपली तिथेच. शेवटी सखूबाई म्हणाली, "उसण भरलीय ही. पायाळू माणूस शोधा." जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, असं आमच्यात मानतात.

सगळी चाळ विचारून झाली, पायाळू काही मिळेना. मी स्टोव्हपुढे खाली मान घालून भाकऱ्या थापत होते... कारण पायाळू मीच होते. पण सुनेने सासूच्या मानेला पाय लावायचा? नुसत्या विचारानेच भाकरी करपली.

तेवढ्यात घोडपदेवहून माझी मावशी आली, विहीणबाईंची चौकशी करायला. बशीतला चहा फुंकत सहज म्हणते, "पायाळू कशाला शोधताय? ही आमची पोर पायांनीच आलीय की."

मला वाटलं, झालं, आज माहेरी रवानगी. सासूबाईंना मान वळवता येत नव्हती, म्हणून त्या अख्ख्या माझ्याकडे फिरल्या, कपाटासारख्या. "मगे इतको वेळ गप कित्या रवलंस गो?"

"तुम्हाला पाय कसा लावू?"

"मोर्चो चुकलो तर काय माझी आरती ओवाळतलंस? लाव."

त्या चटईवर पाठ करून बसल्या. मावशीने माझं कोपर धरलं. मोरीतून नुकतीच आले होते, पाय गारेगार... जेमतेम अंगठा टेकला असेल, तर त्या दचकून गर्रकन वळल्या. "पाय पुसलंस काय गो?"

मग सखूबाई म्हणाली, "अहो... वळली की."

उजवीकडेच वळली होती. मी आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आधी पाय लावतंस नि मगे पाया पडतंस," असं म्हणून त्या हसल्या. लग्नानंतर माझ्याशी पहिल्यांदा हसल्या त्या... मला अजून आठवतं.

मोर्चाला गेल्या. पार हिंदमाता थेटरापर्यंत आवाज आला म्हणे, सखूबाई सांगायची, म्हणजे थोडा कमीच धरा.

मान वळली तरी ठणका राहिलाच. सोमवारी त्या आपणहूनच म्हणाल्या, "चल त्या इस्पितळात. सुनेचो पाय घेतलंय मानेर, आता टांगल्यानी तरी काय." तिथल्या बाईने शेक दिला, हनुवटी आत कशी घ्यायची, खांदे मागे कसे न्यायचे ते शिकवलं. निघताना सासूबाईंनी विचारलं, "टांगणार कधी?" बाई म्हणाली, तुम्हाला गरज नाही. त्यांचा थोडा हिरमोडच झाला... पण तो व्यायाम मात्र त्यांनी शेवटपर्यंत केला, गॅलरीत उभं राहून.

आता आजचं. मोबाइल बघून बघून माझी मान धरली. नातसुनेने फोन फिरवला आणि घरीच आल्या हो दोघी, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक तिच्या हाताखाली शिकणारी. शिकवलं काय? तेच... हनुवटी आत, खांदे मागे. सासूबाईच समोर उभ्या राहिल्या माझ्या.

त्यांनाही ही सगळी गोष्ट सांगितली. मोठी म्हणाली, आजी, मानेला पाय-बिय कोणाचा लावून घेऊ नका आता. शिकणारी मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणते, "आजी, मी पायाळू आहे."

हसताना मान दुखली, पण बरं वाटलं. तेव्हा इस्पितळाच्या दारापर्यंत जायला सासूबाईंना आधी माझा पाय लागला, आणि मला त्यामुळे सासू मिळाली.

गुरुवारी परत येतो म्हणाल्यात दोघी. धाकटीला सांगून ठेवलंय, येताना पाय पुसून ये.