धामणीची अंडी आणि दादाची रजा

आमच्या आईला सापाचं नाव काढलेलं खपत नसे, आणि तिच्याच पोटी निपजला सर्पमित्र. कोल्हापुरात कुणाच्याही हाकेला दादा साप धरायला धावायचा आणि आई दारातच त्याची पिशवी तपासायची. त्याला पुण्याला कंपनीत नोकरी लागली तेव्हा अख्खी गल्ली हळहळली. आई तेवढी म्हणाली, "सुटलो बाबा एकदाचं." हे खोटं आहे हे तिला सोडून सगळ्यांना कळत होतं.

जाण्याच्या थोडं आधी त्याला एका शेतात उसाच्या पाल्याखाली धामणीची अंडी सापडली. पाला पेटवायचा होता, म्हणून तो ती घरी घेऊन आला. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, त्यात ओल्या वाळूचा डबा, कोपऱ्यात झिरोचा बल्ब आणि एक थर्मामीटर. अंडी मांडून तो हात धुवायला गेला, तेवढ्यात आईनं ती उलटीपालटी केलीच. तिचं माहेर मलकापूरकडचं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"आई, काय केलंस हे! सापाची अंडी फिरवायची नसतात, आत पिल्लू मरतंय."

"कोंबडी तर दिसभर फिरवती की! तुझी धामण काय येगळी हाय व्हय?"

दादानं कपाळावर हात मारून घेतला. नशीब, उचलतानाच त्यानं प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारली होती. त्या फुल्या बघून त्यानं ती पुन्हा होती तशी ठेवली आणि आम्हा दोघींची शिकवणी घेतली. थर्मामीटर तिसाच्या वर जाऊ द्यायचा नाही. वाळू मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. अंड्याला खळगा पडला तर ओल कमी, बुरशी धरली तर जास्त. पाणी कडेनं सोडायचं, अंड्यावर नाही. जाताना म्हणाला, "फुटायला लागली की फोन कर. रजा काढून येतो, मीच सोडणार त्यास्नी."

या एका वाक्यावर आईनं सगळ्या सापांशी समेट केला.

पावसाळा लागला, हवेत गारठा आला आणि त्यात भारनियमन. लाइट गेली की बल्ब विझायचा आणि पारा उतरायला लागायचा. मग आई आपली गुडघे शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरायची, टॉवेलात गुंडाळून डब्याशेजारी ठेवायची आणि खोक्यावर गोधडी टाकायची. लाइट आली की बल्ब वाळू सुकवायचा, मग चमच्यानं कडेकडेनं पाणी. एका अंड्याला बुरशी लागली तर दिवसभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. "आम्ही तापानं फणफणलो तरी एवढं केलं नाहीस," मी चिडवायचे. खरं तर मीही रोज झाकण उचलून बघायचेच. घरात भांडायला कुणी उरलं नव्हतं, आणि दादाशिवाय मला करमत नव्हतं.

अखेर एका सकाळी अंड्यांना चिरा पडल्या. एकेका चिरेतून इवलंसं तोंड बाहेर आलं आणि तिथंच थबकलं. मी धावत जाऊन नंबर फिरवला. रिसीव्हर आईनं घेतला. दादाचा कोल्हापुरी आवाज मला बाजूला उभी राहूनही ऐकू येत होता.

"आई, बरं झालं तूच हाईस. एवढ्यात काय रजा मिळत न्हाई गं. पुढच्या महिन्यात बघू. अंडी काय म्हणत्यात?"

आईनं खोक्याकडे पाहिलं.

"न्हाईत फुटली अजून. तू ये सावकाश, त्यास्नी कुठली घाई हाय?"

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर उखडले. ती शांतपणे म्हणाली, "पिल्लं काय म्हैनाभर थांबत्यात व्हय? फुटली म्हटलं तर त्याला यायचं कारणच संपलं की."

पिल्लं पुरती बाहेर आल्यावर माझ्या स्कूटीवर मागं बसून, डबा मांडीवर धरून ती शेतापर्यंत आली. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असं ती जन्मभर मानत आलेली. पिल्लं गवतात सरकली तेव्हा तिनं बजावलं, "गुमान उंदरं खावा. म्हशीच्या वाटंला जाऊ नका." मी हसले.

त्यानंतर दर रविवारी फोनवर तेच उत्तर. न्हाईत अजून. एका रविवारी दादा म्हणाला, "एवढं दिवस लागत न्हाईत, आई. आतल्या आत मेली असतील. तुला जमायचं न्हवतंच ते. वास सुटायच्या आत टाकून दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते एक बुरशीचं अंडं सोडलं तर तिनं सगळी जगवली होती! मी रिसीव्हर ओढायला गेले, तर आईनं तो दुसऱ्या कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली.

"बरं, टाकते," ती म्हणाली. "पर तू येणार न्हवं?"