कुरडयांच्या दिवशीचं रेकॉर्डिंग

रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही लोकांना भेटायच्या जागा बनवतो. डोळ्यांवर हेडसेट चढवला की पुण्यातला मुलगा आणि रायपुरातली आई एकाच अंगणात बसल्यासारखे बोलू शकतात. ते अंगण बनवायचं काम माझ्याकडे होतं. एक दिवस सर म्हणाले, “आंगन सूना लगता है. पीछे चार औरतों की बातचीत डाल दो.”

त्याच आठवड्यात गुढियारी वस्तीतल्या आमच्या घरी कुरडया होत्या. गल्लीतल्या चौघीजणी आळीपाळीने एकमेकींकडे जातात. मी फोन चालू करून पिठाच्या डब्याआड ठेवला. विचारलं असतं तर त्या मोकळं बोलल्या नसत्या, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या चौघींत समोरच्या काकू होत्या. आमच्या एका खोलीत पाच माणसं. इंजिनिअरिंगची चारही वर्षं मी काकूंच्या पुढच्या खोलीत अभ्यास केला. मी आलो की त्या टीव्ही बंद करायच्या. घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो.

रेकॉर्डिंगमध्ये काकू आपल्या लेकीबद्दल हळू आवाजात म्हणत होत्या, “पोट्टी परीक्षेसाठी नाही आली वं. नवऱ्याले सोडून आली. आता जात नाही म्हणते.” बाकी गल्लीला त्यांनी परीक्षेचंच सांगितलं होतं.

हे मी ऑफिसात नीट ऐकलं होतं. तरी तोच तुकडा घेतला, कारण त्यात आवाज एकावर एक चढत नव्हते. ऑफिसात आमची बोली कोणाला कळत नाही. आवाज बारीक करून मी तो अंगणाच्या कोपऱ्यात ठेवला.

पुढच्या महिन्यात घरच्यांना ऑफिस दाखवायचा दिवस होता. आई काकूंनाही घेऊन आली. काकूंनी हेडसेट घातला. त्यांना काय दिसतंय ते मला स्क्रीनवर दिसत होतं. सगळे आधी झोपाळ्याकडे जातात. काकू बायकांच्या आवाजाकडे निघाल्या. जवळ गेलं की बोलणं स्पष्ट होतं, ती सोय मीच केली होती. मला बटण दाबून थांबवता आलं असतं. सर शेजारी उभे होते. मी दाबलं नाही.

“कसं वाटलं वं?” आईने विचारलं.

“चांगलं हाय. डोळे दुखले जरासे.”

जिन्यात त्यांनी आईला पुढे जाऊ दिलं.

“किती जणायनं आयकलं रे हे?”

“कोणीच नाही काकू. आजच लावलं होतं.”

“मिटवता येते काय?”

“हो.”

“मंग मिटव बापू. पोरीले माहीत पडलं तर म्हणन, मायनंच गावभर केलं.” माझ्या पाठीवर हात ठेवून त्या खाली उतरल्या. काहून केलं, हे त्यांनी विचारलंच नाही.

संध्याकाळी मी तो तुकडा आमच्या सगळ्या कॉम्प्युटरवरून पुसला. पण दोन आठवड्यांपूर्वीच ते अंगण त्या तुकड्यासकट बंगळुरूच्या एका कंपनीला गेलं होतं, आणि तिथे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत होते. तिथे आमची बोली कळणारं कोणी नसेलच, असं आता मला म्हणवत नाही. परत मागवायचं तर सरांना सगळं सांगावं लागेल.

त्यांच्या केबिनपर्यंत मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी विचारून परत आलो.