कागदावरचा पलंग

आमच्या निखिलचं लग्न एका पलंगामुळे मोडत होतं. पलंग लाकडाचा नव्हता, पेन्सिलीचा होता. आणि काढला होता मी.

मी मुळात कमी बोलणारा. (बायकोच्या मते, विचारलं तरी न बोलणारा.) साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मात्र सगळ्यांदेखत उभा राहून म्हणालो, "आमाले काहीच नको. पोरगी द्या, बस!" टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं भाषण.

निघताना अकोल्याचे आमचे होणारे व्याही, तायडेभाऊ, म्हणाले, "भाऊ, तुमी बोलत तं नाई. फोनवर रोज काहीबाही पाठवत जा, म्हणजे खुशाली समजते."

आता मी काय पाठवणार? त्या सुमारास मी दार लावून, मोबाइलवर पाहून चित्रकला शिकत होतो. घरातलं सोपं फर्निचर, नवशिक्यांसाठी! आधी चौकोनी डबा काढायचा, मग त्याला पाय फोडायचे, की झाली खुर्ची. तीच पाठवली. उत्तर आलं, "छान." दुसऱ्या दिवशी टेबल. "छान." मला हुरूप आला. कपाट पाठवलं. उत्तर आलं, "पाहतो."

पाहा की, मी मनात म्हटलं, सावकाश पाहा!

मग पलंग. तो कागदाच्या कोपऱ्यात फारच बारका झाला. माणूस मी प्रामाणिक, खाली लिहिलं, "थोडा मोठा पाहिजे होता." आणि त्यांची उत्सुकता टिकावी म्हणून पुढे, "उद्या सोफा."

या वेळी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सोफ्याच्या पाठीला सावली देत होतो, तर दारात तायडेभाऊ! मागे त्यांची प्रज्ञा, आमची होणारी सून. चेहरे असे, की मी पेन्सिल खिशात लपवली.

"काका, साक्षगंधात काय बोलले होते तुमी?" प्रज्ञानं उभ्या उभ्याच विचारलं. "काहीच नको म्हने! अन् आता रोज एक एक मागून राहिले? पलंग बी मोठा पाहिजे? तोंडानं मागाची लाज वाटते म्हणून चित्रं काढून पाठवता काय?"

तायडेभाऊ मान खाली घालून म्हणाले, "कपाट म्या पाहूनबी ठेवलं होतं. पण पोरगी म्हणते, हुंडा मागणाऱ्याच्या घरात मी जात नाई."

"मागितलं? या माणसानं?" बायको किंचाळली. "याले भाजीत मीठ मागता येत नाई, अन् हा पलंग मागते?"

"बाबा, बोला ना!" निखिल पुढे झाला. "आज तरी बोला!"

पोराच्या तोंडाकडे पाहवेना. माझ्या गप्प बसण्यापायी त्याचा संसार मांडण्याआधीच मोडत होता. मी एका दमात सांगून टाकलं, "मी चित्रकला शिकून राहिलो!"

आणि खिशातली पेन्सिल बाहेर घेतली.

"काहून नाई सांगितलं?" बायको म्हणाली.

"हसाल म्हणून."

प्रज्ञाला पुरावा हवा होता. "काढून दाखवा." मी घाम पुसत स्टूल काढलं. चौघं वाकून पाहत होते. स्टुलाचा एक पाय भातकुलीकडे निघाला, दुसरा चांदूर बाजारकडे, उरलेले दोन बसायची जागा सोडून आपापल्या वाटेनं! तायडेभाऊंनी चष्मा लावला, कागद उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "असं स्टूल कोन मागन, भाऊ?"

आधी प्रज्ञा हसली. मग सगळेच. (माझ्या चित्रकलेचा कुणाला उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ.)

लग्न झालं. व्याह्यांनी कपाट दिलं नाही, पलंग दिला नाही. मला एक मोठ्ठं खोडरबर मात्र दिलं.

काल मोबाइलवर पुढचा धडा आला. मन लावून काढला आणि हौसेनं घरच्या ग्रुपवर टाकला. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अवो! लग्नाची हळद उतरली नाई, अन् पाळणा मागून राहिले?"

तेवढ्यात सूनबाईंचं उत्तर आलं, थेट वडिलांच्याच शब्दात, "पाहतो."

फोनवर गेलेलं चित्र त्या खोडरबरानं खोडता येतं का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.